आधी समीकरण, मग बावीस पॉइंट चार

‘ठरावीक तापमानाला आणि दाबाला ४ लिटर मिथेन पूर्ण जळण्यासाठी किती लिटर ऑक्सिजन लागेल?’ अकरावी विज्ञानाच्या वर्गात हे गणित फळ्यावर पडले की बहुतेक वह्यांमध्ये पहिली ओळ एकच असते : ४ भागिले २२.४. पुढे मोल काढायचे, त्यांना दोनने गुणायचे, पुन्हा २२.४ ने गुणून लिटरवर यायचे. वाटेत दशांश चिन्ह सरकते, पाच मिनिटे जातात आणि उत्तर येते ७.९९ किंवा ८.०१. काही मुले तर गणितच सोडून देतात, कारण तापमान किती आणि दाब किती हे दिलेलेच नाही, मग २२.४ लावायचा कसा?

उत्तर ८ लिटर आहे. त्यासाठी २२.४ लागतच नाही, तापमानही लागत नाही.

नेर हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, नेर परसोपंत या नावानेही ओळखले जाणारे. इथला आणि आजूबाजूच्या खेड्यांतला विद्यार्थी दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतो आणि अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतो. ‘मोलर व्हॉल्यूम’, ‘लिमिटिंग रिएजंट’, ‘स्टॉइकिओमेट्री’ असे शब्द एकाच आठवड्यात अंगावर येतात. अशा वेळी २२.४ हा आकडा आधारासारखा वाटतो, कारण तो तरी पाठ करता येतो. वायूंच्या आकारमानाची गणिते चुकतात त्याची सुरुवात नेमकी इथे होते. २२.४ हा गणिताचा आरंभ नाही. एका ठरावीक तापमानाला व दाबाला मोलचे लिटर करून देणारा तो एक बदलदर आहे. गणिताचा आरंभ समीकरणात असतो आणि समीकरण वाचायला मराठी पुरेशी आहे.

एक समीकरण, तीन वाचने

वायूंचे कोणतेही गणित हाती घेतले की पहिले काम समीकरण संतुलित करण्याचे आणि दुसरे ते मोठ्याने मराठीत वाचण्याचे. मिथेनच्या ज्वलनाचे समीकरण असे वाचता येते : मिथेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. हे पहिले वाचन.

दुसऱ्या वाचनात ‘रेणू’च्या जागी ‘मोल’ म्हणायचे. मोल म्हणजे मोजणीची खूप मोठी पेंडी, एका पेंडीत ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. एका रेणूला दोन रेणू लागत असतील, तर एका पेंडीला दोन पेंड्या लागणार. प्रमाण बदलत नाही.

तिसऱ्या वाचनात ‘मोल’च्या जागी ‘लिटर’ म्हणायचे, पण फक्त वायूंपुरते आणि सगळे वायू एकाच तापमानाला व दाबाला मोजले असतील तरच. १ लिटर मिथेनला २ लिटर ऑक्सिजन, म्हणून ४ लिटरला ८ लिटर. संपले गणित.

दुसऱ्या वाचनावरून तिसऱ्यावर उडी मारण्याची मुभा कुठून आली, हे एकदा समजून घेतले तर नियम विसरायची भीती राहत नाही. फ्रान्सच्या जोसेफ लुई गे-ल्युसॅकने १८०५ मध्ये अलेक्झांडर फॉन हम्बोल्टसोबत पाणी तयार होण्याचे प्रयोग केले आणि दोन आकारमाने हायड्रोजनला एक आकारमान ऑक्सिजन लागतो असे मोजून पाहिले. मग इतर वायू तपासून १८०८ मध्ये त्याने नियम मांडला : वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी आकारमानांच्या प्रमाणात संयोग पावतात. जॉन डाल्टनला हे पटले नाही. एक आकारमान ऑक्सिजनपासून दोन आकारमाने वाफ होत असेल, तर ऑक्सिजनचा अणू दुभंगावा लागेल, आणि अणू तर फुटत नाही, असा त्याचा आक्षेप होता.

हा पेच इटलीच्या अमेडिओ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये सोडवला. सारख्या तापमानाला व दाबाला सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते, मग वायू कोणताही असो, असे त्याने सुचवले. ऑक्सिजनचा रेणूच दोन अणूंचा असेल, तर अणू न फोडताही एका रेणूतून पाण्याचे दोन रेणू होऊ शकतात. ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला जवळपास अर्धशतक गेले. १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत स्तानिस्लाओ कानिझारोने ती पुन्हा ठामपणे मांडली, तेव्हा ॲव्होगॅड्रो हयात नव्हता. पन्नास वर्षे मोठमोठे शास्त्रज्ञ अडून बसले त्या ठिकाणी अकरावीच्या मुलाला दोन दिवस अडखळायला झाले, तर त्याने खचून जाण्याचे कारण नाही.

गोबरगॅस : लिटरमागे लिटर

पहिला प्रकार आकारमानावरून आकारमान काढण्याचा. त्यासाठी गोबरगॅससारखे उदाहरण नाही. शेणापासून मिळणाऱ्या या वायूत साधारण ६० टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. समजा, १००० लिटर गोबरगॅस जाळायचा आहे. किती हवा लागेल?

मिथेन ६०० लिटर. त्याला दुप्पट, म्हणजे १२०० लिटर ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणून १२०० भागिले ०.२१, म्हणजे सुमारे ५७१४ लिटर हवा. गॅसच्या पाचपटीहून जास्त हवा शेगडीने ओढून घ्यावी लागते. बर्नरखाली हवेची फट ठेवलेली असते ती या आकड्यासाठी.

आता पुढचा प्रश्न : ज्वलनानंतर कार्बन डायऑक्साइड किती? घाईने उत्तर येते ६०० लिटर, कारण एका लिटर मिथेनपासून एक लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. पण उरलेला सगळा वायू कार्बन डायऑक्साइड धरला, तर गोबरगॅसमध्ये तो ४०० लिटर आधीपासून होता, तो जळत नाही, कुठे जातही नाही. एकूण १००० लिटर. मिश्रणाच्या गणितात ‘तयार झालेला किती’ आणि ‘शेवटी असलेला किती’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. प्रश्नातले क्रियापद पाहूनच उत्तर लिहावे.

सिलिंडर : ग्रॅममधून लिटरमध्ये

दुसरा प्रकार वजनावरून आकारमान काढण्याचा, आणि परीक्षेत तो सर्वाधिक येतो. इथे वाट तीन टप्प्यांची आहे. ग्रॅमचे मोल, एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याचे मोल, आणि शेवटी मोलचे लिटर. मधला टप्पा समीकरणाचा आहे. तो गाळला की ग्रॅमवरून थेट लिटर काढण्याची चूक होते.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असतो, पण गणितासाठी सगळा ब्युटेन धरू. ब्युटेनचे रेणुवस्तुमान ५८. म्हणून १४,२०० भागिले ५८, म्हणजे सुमारे २४५ मोल. समीकरण सांगते की ब्युटेनच्या दोन मोलला ऑक्सिजनचे १३ मोल लागतात, म्हणजे एकाला साडेसहा. २४५ गुणिले ६.५, म्हणजे सुमारे १५९१ मोल ऑक्सिजन. आता शेवटचा टप्पा : १५९१ गुणिले २२.४, म्हणजे सुमारे ३५,६०० लिटर ऑक्सिजन. तो २१ टक्के असणारी हवा सुमारे १,७०,००० लिटर, अर्थात १७० घनमीटर, शून्य सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला मोजलेली.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८.३ घनमीटर हवा मावते. एक सिलिंडर संपेपर्यंत अशा सहा खोल्यांतल्या हवेतला सगळा ऑक्सिजन खर्च होतो.

पण सिलिंडरमध्ये नेमके किती प्रोपेन आणि किती ब्युटेन, हे माहीत नसताना हा हिशेब कितपत खरा? सगळा प्रोपेन धरून पाहावे. प्रोपेनचे रेणुवस्तुमान ४४, म्हणून सुमारे ३२३ मोल. प्रोपेनच्या एका मोलला ५ मोल ऑक्सिजन, म्हणून सुमारे १६१४ मोल. १५९१ आणि १६१४ यांत फरक दीड टक्क्याचा. मोलची संख्या इतकी बदलूनही ऑक्सिजन जवळपास तेवढाच राहिला, कारण दोन्ही वायूंत कार्बन आणि हायड्रोजनचे वजनी प्रमाण जवळजवळ सारखे आहे. असा दुहेरी हिशेब करून पाहण्याची सवय लागली की उत्तर कुठे डळमळते आणि कुठे नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच कळू लागते.

याच हिशेबाचा घरात थेट उपयोग आहे. सहा फूट बाय चार फूट, आठ फूट उंचीची आंघोळीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ५४०० लिटर हवा, म्हणजे सुमारे ११४० लिटर ऑक्सिजन असतो. खोली पूर्ण बंद असेल, तर साधारण ४०० ग्रॅम ब्युटेन जळताच तो सगळा संपेल. धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की ब्युटेन अर्धवट जळतो. दोन रेणू ब्युटेनला तेराऐवजी नऊच रेणू ऑक्सिजन मिळाला, तर कार्बन डायऑक्साइडच्या जागी आठ रेणू कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. गॅस गिझर आंघोळीच्या बंद खोलीत बसवू नये, हा सल्ला या दोन सहगुणकांत दडलेला आहे. अकरावीच्या मुलाने घरी हे गणित मांडून दाखवावे. त्याच्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची उजळणी ती ठरेल.

चुनाभट्टी आणि खाण्याचा सोडा

यवतमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वणी तालुक्यात चुनखडी सापडते. तिथल्या राजूरच्या चुनाभट्ट्या प्रसिद्ध आहेत. भट्टीत चुनखडी तापवली की कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. समीकरण अगदी सोपे, एकास एक आणि एक. चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १००, म्हणून १०० ग्रॅमला २२.४ लिटर वायू.

पण जमिनीतून निघालेली चुनखडी शुद्ध नसते. एक टन चुनखडी ९० टक्के शुद्ध आहे असे धरले तर कामाचे फक्त ९०० किलो, म्हणजे ९००० मोल. तितकेच मोल वायू, म्हणून २,०१,६०० लिटर किंवा सुमारे २०२ घनमीटर. शुद्धतेची टक्केवारी कधी लावायची, या प्रश्नावर मुले अडतात. नियम सरळ आहे : मोल काढण्यापूर्वी. अशुद्ध भागाचे मोल काढण्यात अर्थ नाही, कारण तो समीकरणात नाहीच.

हे २०२ घनमीटर मात्र कागदावरचे, शून्य सेल्सिअसचे आहेत. भट्टीतले तापमान ९०० सेल्सिअसच्या आसपास असते. केल्विनमध्ये ११७३. आकारमान ११७३ भागिले २७३, म्हणजे सुमारे ४.३ पट होते. भट्टीतून बाहेर पडणारा तोच वायू तिथल्या उष्णतेत सुमारे ८६६ घनमीटर जागा व्यापतो. आणि भट्टीत जळणाऱ्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड या हिशेबात अजून धरलेलाच नाही.

स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा आणखी एक धडा देतो. ४.२ ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण छोटा चमचाभर, नुसता तापवला तर किती वायू देईल? सोड्याचे रेणुवस्तुमान ८४, म्हणून ०.०५ मोल. तापवताना दोन मोल सोड्यापासून एक मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणून ०.०२५ मोल, म्हणजे ५६० मिलिलिटर. तोच सोडा ढोकळ्याच्या पिठात पुरेशा लिंबाच्या रसाबरोबर पडला, तर एका मोलपासून एक मोल वायू मिळतो. उत्तर १.१२ लिटर, बरोबर दुप्पट. पदार्थ तोच, वजन तेच, पण अभिक्रिया बदलली आणि वायू दुप्पट झाला. म्हणूनच ‘सोड्याचे गणित’ अशी पाठांतराची चौकट कामाची नाही. दर वेळी समीकरण पुन्हा वाचावे लागते.

युरियाची गोणी आणि कमी पडणारा भिडू

नेर परिसरातल्या वावरात कपाशी, तूर, सोयाबीन दिसते, आणि कपाशीबरोबर युरियाची ४५ किलोची गोणी येते. युरियाचे रेणुवस्तुमान ६०, म्हणून गोणीत ७५० मोल. जमिनीत पाण्याशी अभिक्रिया होऊन युरियाच्या एका मोलपासून अमोनियाचे दोन मोल आणि कार्बन डायऑक्साइडचा एक मोल होतो. म्हणजे १५०० मोल अमोनिया, शून्य सेल्सिअसला ३३,६०० लिटर. दहा फुटी खोली भरून वर उरेल इतका. ही अर्थात कमाल मर्यादा झाली. युरिया ओलाव्यात मातीआड गेला तर बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात जमिनीतच टिकतो. तो कोरड्या तापलेल्या जमिनीवर उघडा फेकला, तर त्यातला बराच भाग या हिशेबाप्रमाणे वायू होऊन उडू शकतो.

हा युरिया बनतो अमोनियापासून, आणि अमोनिया बनतो नायट्रोजन व हायड्रोजनपासून. फ्रिट्झ हाबरने शोधलेल्या आणि कार्ल बॉशने कारखान्यात उतरवलेल्या या प्रक्रियेचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे सुरू झाला. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळ इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना अमोनिया आणि युरिया तयार करतो. समीकरण : नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन रेणू, अमोनियाचे दोन रेणू.

लिमिटिंग रिएजंटचे गणित याच समीकरणावर हमखास येते. १० लिटर नायट्रोजन आणि २४ लिटर हायड्रोजन घेतले, अभिक्रिया पूर्ण झाली असे धरले, तर अमोनिया किती? इथे मुले आकडा लहान दिसतो म्हणून नायट्रोजन कमी आहे असे समजतात. कमी कोण, हे आकडा सांगत नाही. आकड्याला सहगुणकाने भागल्यावर ते कळते. १० भागिले १ म्हणजे १०. २४ भागिले ३ म्हणजे ८. लहान आला तो हायड्रोजनचा, म्हणून आधी संपणार तो हायड्रोजन.

मग वहीत तीन ओळी आखाव्यात : आधी, बदल, नंतर. आधी : नायट्रोजन १०, हायड्रोजन २४, अमोनिया शून्य. बदल : नायट्रोजन ८ ने कमी, हायड्रोजन २४ ने कमी, अमोनिया १६ ने जास्त. नंतर : नायट्रोजन २, हायड्रोजन शून्य, अमोनिया १६. एकूण आकारमान ३४ वरून १८ लिटर झाले. लिटर घटले म्हणून मुले घाबरतात, पण घटले ते रेणूंची संख्या कमी झाली म्हणून. वजन तसूभरही घटलेले नाही. लिटरची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी यावी, असा कोणताही नियम निसर्गात नाही.

नेरचा मे महिना आणि शून्य सेल्सिअस

आता २२.४ कडे वळता येईल. राज्य मंडळाच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एसटीपीला एका मोल वायूचे आकारमान २२.४ घन डेसिमीटर, म्हणजेच २२.४ लिटर, असे येते. त्यात एसटीपी म्हणजे शून्य सेल्सिअस आणि एक वातावरण दाब. मात्र आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार केला. एक बार थोडा कमी असल्याने वायू थोडा जास्त पसरतो आणि आकडा २२.७ होतो. नीट-जेईईसाठी एनसीईआरटीची पुस्तके वाचणाऱ्याला २२.७ भेटतो आणि तो गोंधळतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, दाब वेगळा आहे. प्रश्नात ‘एक बार’ म्हटले असेल तर २२.७, ‘एक वातावरण’ म्हटले असेल तर २२.४. काहीच म्हटले नसेल तर ज्या मंडळाची परीक्षा, त्याच्या पुस्तकाचा आकडा. पर्यायी उत्तरे पाहिली तरी बहुधा कोणता आकडा अपेक्षित आहे ते कळते.

मे महिन्यात नेरमध्ये पारा ४३ सेल्सिअसवर गेला की एक वातावरण दाबाला हाच मोल सुमारे २५.९ लिटर जागा घेतो, साधारण १६ टक्के जास्त. सिलिंडरसाठी काढलेली १७० घनमीटर हवा त्या दिवशी सुमारे १९७ घनमीटर होईल. अशा वेळी दोन रस्ते असतात. एसटीपीला उत्तर काढून ते तापमानाच्या व दाबाच्या गुणोत्तराने बदलावे, किंवा मोलवरून थेट आदर्श वायूच्या समीकरणाने आकारमान काढावे. दाब वातावरणात आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर वायू स्थिरांक ०.०८२१ घ्यावा. दोन्ही रस्त्यांवर एकच पथ्य आहे, तापमान केल्विनमध्ये. ४३ ला ३१६ न करता हिशेब सुरू केला, तर उत्तर विचारण्यासारखेही राहत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे सगळे एकत्र येते. मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा आणि हायड्रोजन पाण्यावर गोळा करायचा. फीत ०.१२ ग्रॅमची असेल तर ०.००५ मोल, तितकाच हायड्रोजन, एसटीपीला ११२ मिलिलिटर. पण नळीत गोळा होतो तो हायड्रोजन कोरडा नसतो, त्यात पाण्याची वाफ मिसळलेली असते. ३० सेल्सिअसला त्या वाफेचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर असतो. खोलीतला दाब ७४० मिलिमीटर धरला तर हायड्रोजनचा स्वतःचा दाब ७०८. म्हणून आकारमान ११२ गुणिले ३०३ भागिले २७३, गुणिले ७६० भागिले ७०८, म्हणजे सुमारे १३३ मिलिलिटर. वाफ विसरून ७४० नेच हिशेब केला तर सुमारे १२८ येतात. मग नळीत १३३ दिसले की विद्यार्थी फीत चुकीची तोलली असे समजतो. तोल बरोबर असतो. साडेचार टक्क्यांचा तो फरक पाण्याच्या वाफेचा असतो.

कुठे पाय घसरतो

सगळ्यात जास्त गुण पाण्यामुळे जातात. ज्वलनानंतर ‘वायू मूळ तापमानाला थंड केला’ असे वाक्य आले की पाणी द्रव होते आणि वायूंच्या बेरजेतून बाहेर पडते. एक मोल द्रव पाणी फक्त १८ मिलिलिटर असते. त्याच्यावर २२.४ लावणे म्हणजे ओंजळभरही नसलेल्या पाण्याला पिंपभर समजणे. १०० सेल्सिअसला एक वातावरण दाबाला मात्र तेच पाणी वाफ होऊन सुमारे ३०.६ लिटर होते. म्हणून समीकरणात प्रत्येक पदार्थाखाली तो वायू आहे, द्रव आहे की घन, हे आधी लिहून ठेवावे. २२.४ फक्त ‘वायू’ लिहिलेल्याखालीच जाईल.

दुसरी चूक ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन यांचे रेणू दोन अणूंचे आहेत हे विसरण्याची. हायड्रोजनचे रेणुवस्तुमान २ आहे, म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन ११.२ लिटर होतो, २२.४ नाही. तिसरी चूक असंतुलित समीकरणावर हिशेब करण्याची. तिथे पुढची प्रत्येक ओळ बिनचूक असली तरी उत्तर चुकतेच.

एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि कॅल्क्युलेटर नसतो. म्हणून २२.४ चे भाग डोळ्यांना ओळखीचे करून ठेवावेत. ११.२ म्हणजे अर्धा मोल, ५.६ म्हणजे पाव, २.२४ म्हणजे दहावा भाग, १.१२ म्हणजे विसावा, ४४.८ म्हणजे दोन, ६७.२ म्हणजे तीन. परीक्षक आकडे बहुधा असेच निवडतात. गुणाकार शेवटपर्यंत लांबवावा, अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावेत. त्यामुळे २२.४ अनेकदा वर-खाली छाटला जातो आणि गुणाकार करण्याची वेळच येत नाही.

सराव रोज पाच गणितांचा पुरे, पण प्रत्येक गणितात समीकरणाचे मराठी वाचन शब्दांत लिहावे. आठवडाभराने ते लिहावे लागत नाही, मनातच होते. सुरुवातीला ही पाच करून पाहावीत.

१. ३ लिटर प्रोपेन पूर्ण जाळायला त्याच तापमानाला व दाबाला किती ऑक्सिजन लागेल आणि किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल?

२. ५ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटवर भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल घातले. एसटीपीला किती वायू?

३. ६ लिटर हायड्रोजन आणि ४ लिटर ऑक्सिजन यांच्या मिश्रणात ठिणगी टाकली आणि भांडे पुन्हा खोलीच्या तापमानाला आणले. त्याच दाबाला कोणता वायू किती उरला?

४. पोटॅशियम क्लोरेटचे रेणुवस्तुमान १२२.५ आहे. २.४५ ग्रॅम तापवून सगळा ऑक्सिजन काढला. एसटीपीला किती?

५. एक किलो कापसात ९० टक्के सेल्युलोज आहे असे धरून, ते पूर्ण जळाल्यास ४३ सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला किती कार्बन डायऑक्साइड होईल? सेल्युलोजच्या साखळीतल्या एका दुव्याचे वस्तुमान १६२ आणि त्यात कार्बनचे अणू सहा.

उत्तरे : पहिल्याचे १५ लिटर आणि ९ लिटर. दुसऱ्याचे १.१२ लिटर. तिसऱ्यात सहा लिटर हायड्रोजन तीन लिटर ऑक्सिजन खातो आणि पाणी द्रव होते, म्हणून १ लिटर ऑक्सिजन. चौथ्यात क्लोरेटच्या दोन मोलला ऑक्सिजनचे तीन मोल, म्हणून ०.०२ मोलपासून ०.०३ मोल, म्हणजे ०.६७२ लिटर. पाचव्यात ९०० ग्रॅम सेल्युलोज म्हणजे सुमारे ५.५६ मोल दुवे, त्यांतून सहापट, म्हणजे ३३.३ मोल कार्बन डायऑक्साइड. एसटीपीला सुमारे ७४७ लिटर, आणि ३१६ भागिले २७३ ने गुणल्यावर नेरच्या मे महिन्यातले सुमारे ८६४ लिटर.